भिंतीच्या दोन बाजू : पेशी ऊर्जा कशी कमावते



 आजचा विषय शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपतो. ग्लुकोज आणि ऑक्सिजन यांचा संयोग होतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा मिळते. ओळ बरोबर आहे, पण ती नेमक्या प्रश्नापाशी येऊन थांबते. एक मोल म्हणजे 180 ग्रॅम ग्लुकोज हवेत पेटवले तरी हेच घडते आणि सुमारे 2,800 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. पेशीला मात्र अशा उष्णतेचा कामासाठी काही उपयोग नाही. उष्णतेवर यंत्र चालायचे तर त्याची एक बाजू तापलेली आणि दुसरी गार लागते. पेशीत तर सगळीकडे जवळपास एकच तापमान असते. म्हणजे उष्णतेत विरून जाण्याआधीच पेशीला ही ऊर्जा पकडावी लागते. ती कशी पकडली जाते? माझे म्हणणे थोडक्यात असे : पेशी एका बंदिस्त पटलाच्या दोन बाजूंना विषमता निर्माण करते, ती अखंड टिकवून धरते आणि त्या विषमतेकडून काम करून घेते. अन्नाचे ऑक्सिडीकरण हे ती विषमता उभी करण्याचे साधन आहे. श्वसन समजून घ्यायचे तर ज्वलनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष या भिंतीकडे द्यायला हवे.

ज्वलनाची कल्पना मुळात चुकीची होती असे मात्र कुणी समजू नये. आपल्याकडे जठराग्नीची कल्पना जुनी आहे आणि युरोपात आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या लाव्हाझिएचाही निष्कर्ष त्याच दिशेचा होता. 1782-83 च्या हिवाळ्यात त्याने आणि लाप्लासने एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले आणि तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळून निघणाऱ्या उष्णतेशी ताडून पाहिले. आकडे ढोबळमानाने जुळले. श्वसन म्हणजे संथ ज्वलन, हा सिद्धांत त्या बर्फाच्या भांड्यातून निघाला आणि एकूण हिशेबापुरता तो आजही अबाधित आहे. पुढच्या दीडशे वर्षांत या संथ ज्वलनाच्या पायऱ्या एकेक करून उलगडत गेल्या. पेशीद्रवात ग्लुकोजचा रेणू दुभंगतो आणि त्यातून पायरुव्हिक आम्ल तयार होते. ते तंतुकणिकांत शिरते आणि हान्स क्रेब्ज यांनी 1937 मध्ये शेफिल्डला कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर काम करून मांडलेल्या चक्रात फिरते. आपण उच्छ्वासावाटे सोडतो तो कार्बन डायऑक्साइड इथे सुटतो. विशेष म्हणजे या साऱ्या पायऱ्यांत ऑक्सिजनचा थेट सहभाग कुठेच नाही. अन्नातून काढून घेतले जातात ते इलेक्ट्रॉन, आणि वाहक रेणू ते तंतुकणिकेच्या आतल्या पटलाकडे पोचवतात.

या पटलात इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जातात, याचा पुरावा डेव्हिड केलिन यांनी केंब्रिजमध्ये साध्या वर्णपटदर्शकातून मिळवला. त्यांचा शोधनिबंध 1925 चा. कीटकांच्या उडण्याच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये त्यांना प्रकाशाचे ठरावीक भाग शोषून घेणारे चार काळे पट्टे दिसत होते. यीस्टचा द्राव हवेसह खळखळून हलवला की पट्टे नाहीसे व्हायचे. नळी स्थिर ठेवली, यीस्टने विरघळलेला ऑक्सिजन संपवला की थोड्याच वेळात ते परत उमटायचे. हे पट्टे ज्या लोहयुक्त प्रथिनांचे होते, त्यांना केलिन यांनी सायटोक्रोम हे नाव दिले. इलेक्ट्रॉन आला की पट्टा उमटतो, तो पुढे ऑक्सिजनकडे गेला की पट्टा मावळतो. म्हणजे ऑक्सिजन उभा आहे तो साखळीच्या अगदी टोकाला, उतरून आलेले इलेक्ट्रॉन स्वीकारण्यासाठी. हे टोक बंद झाले तर काय होते ते आपल्याकडच्या पशुपालकांना ठाऊक आहे. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी खाऊन गुरे तडकाफडकी दगावतात, कारण त्या रोपांतून सुटणारे सायनाइड साखळीतल्या शेवटच्या विकराला घट्ट चिकटते. अशा जनावराचे रक्त लालभडक असते. त्यात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. फुप्फुसे भरलेली, रक्त भरलेले आणि तरीही प्राणी गुदमरतो. श्वसनाचे खरे स्थळ छातीत नसून या सूक्ष्म पटलात आहे, हे याहून स्पष्टपणे सांगणारे उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता कोड्याचा दुसरा भाग. पेशीतली बहुतेक कामे ज्या रेणूच्या बळावर होतात तो एटीपी 1929 मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडला : जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व आपल्या आंध्रातून तिथे गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. 1941 मध्ये फ्रिट्झ लिपमान यांनी तो पेशीचे ऊर्जेचे सर्वसाधारण चलन असल्याचे मांडले. आपल्या शरीरात एका वेळी असणारा एटीपी पाव किलोसुद्धा भरत नाही. पण तो क्षणोक्षणी मोडतो आणि पुन्हा जोडला जातो, इतक्या वेळा की दिवसभरात अशी उलाढाल झालेल्या एटीपीचे वजन जवळजवळ आपल्या स्वतःच्या वजनाइतके भरते. यातला बहुतांश एटीपी तंतुकणिकांत तयार होतो, हे 1948-49 मध्ये केनेडी आणि लेनिंजर यांच्या कामातून स्पष्ट झाले. प्रश्न उरला तो दुव्याचा. साखळीतून इलेक्ट्रॉन उतरतात ही एक घटना. एडीपीला फॉस्फेट जोडून एटीपी बनतो ही दुसरी. पहिलीतली ऊर्जा दुसरीत कशी जाते? बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञांचे उत्तर 1953 मध्ये स्लेटर यांनी नेमक्या शब्दांत मांडले : दोन्ही घटनांच्या मधे एखादा ऊर्जासंपन्न मध्यस्थ रेणू असला पाहिजे. या उत्तराला भक्कम आधार होता, कारण ग्लुकोजच्या विघटनात असे मध्यस्थ खरोखरच सापडले होते. पण तंतुकणिकेतला मध्यस्थ वर्षानुवर्षे शोधूनही कुणाच्या हाती लागला नाही. त्यात एक निरीक्षण सतत खटकत होते. पटल फाटले, त्याचे बंद कप्पे उघडे पडले की इलेक्ट्रॉनांचे वहन चालूच राहायचे, एटीपी मात्र बनायचा नाही. दुवा रेणूचा असेल तर पटल बंद असण्याची गरजच काय?

1961 मध्ये पीटर मिचेल यांनी 'नेचर'मध्ये या प्रश्नाला वेगळेच उत्तर दिले. मध्यस्थ रेणू सापडत नाही कारण तो नाहीच. इलेक्ट्रॉन साखळीतून उतरताना प्रोटॉन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलले जातात. पटल त्यांना सहजासहजी परत येऊ देत नाही. म्हणून बाहेर प्रोटॉनांची दाटी आणि आत तूट तयार होते, शिवाय दोन बाजूंत विद्युतदाबाचा फरक पडतो. ते परततात ते एटीपी बनवणाऱ्या विकरातून, आणि परतताना एटीपी घडवतात. आपल्या ओळखीचे उदाहरण घ्यायचे तर कोयनेचे घ्या. शिवाजीसागरात अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या विद्युतगृहाकडे उतरते आणि जनित्रे फिरवते. वीज ना पाण्याच्या थेंबात असते ना भिंतीच्या दगडात. दोन पातळ्यांतला फरक, तो राखणारी भिंत आणि पाण्याला ठरल्या वाटेनेच उतरायला लावणारी जनित्रे यांच्या जुळणीतून ती येते. तंतुकणिकेची भिंत जेमतेम पाच-सहा नॅनोमीटर जाडीची आहे आणि तिच्या दोन बाजूंतला विद्युतदाबाचा फरक दीडशे ते पावणेदोनशे मिलिव्होल्टच्या घरातला. आकडा किरकोळ वाटतो. पण इतक्या पातळ थराला तो भागून पाहा, म्हणजे मीटरला सुमारे 3 कोटी व्होल्ट इतकी तीव्रता येते. हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे 30 लाख व्होल्ट पुरतात. आपल्या प्रत्येक तंतुकणिकेचे पटल त्याच्या दहापट ताण सतत पेलत असते.

कल्पना देखणी असली म्हणून खरी ठरत नाही, आणि साठच्या दशकात ती फार थोड्यांना पटली. मिचेल यांनी प्रकृतीच्या कारणाने एडिनबरा सोडले, कॉर्नवॉलमध्ये बॉडमिनजवळची एक जुनी वास्तू दुरुस्त करून तिथे छोटी प्रयोगशाळा उभारली आणि जेनिफर मॉयल यांच्या साथीने काम चालू ठेवले. ऑक्सिजन नसलेल्या द्रावात तंतुकणिका ठेवून त्यांनी मोजका ऑक्सिजन सोडला, तेव्हा बाहेरचा द्राव लगेच आम्लधर्मी झाला आणि मग हळूहळू पूर्ववत झाला. प्रोटॉन बाहेर फेकले जातात, हे यातून दिसले. पण त्यांच्या जोरावर एटीपी बनतो का? 1966 मध्ये जेगनडॉर्फ आणि उरिबे यांनी पालकाच्या पानांतली हरितलवके अंधारात, सामू 4 असलेल्या आम्लात भिजवली. आतली पोकळी आम्लाने भरली. मग अंधारातच ती एकदम सामू 8 असलेल्या द्रावात टाकली, ज्यात एडीपी आणि फॉस्फेट होते. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनांचे वहन नाही, तरीही एटीपी तयार झाला. शास्त्रज्ञांनी हाताने उभा केलेला प्रोटॉनांचा उतार पुरेसा ठरला. हरितलवकाचा पुरावा श्वसनाला कसा लागू करायचा, हा आक्षेप रास्त होता. त्याला उत्तर 1974 मध्ये मिळाले. रॅकर आणि स्टोकेनियस यांनी मेदाच्या कृत्रिम पुटिका बनवल्या. त्यांत दाट खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवाचे, प्रकाश पडला की प्रोटॉन ढकलणारे प्रथिन बसवले आणि जोडीला गाईगुरांच्या हृदयाच्या तंतुकणिकांतले एटीपी बनवणारे विकर. दिवा लावताच एटीपी बनू लागला. या दोन प्रथिनांचा निसर्गात एकमेकांशी कधी संबंध आला नव्हता, त्यांच्यात सामायिक मध्यस्थ रेणू असण्याची शक्यताच नव्हती. त्यांना जोडणारी गोष्ट एकच होती : बंद पटलाच्या पलीकडे साठलेले प्रोटॉन. 1978 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिचेल यांना मिळाले.

या मताच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा मात्र माणसाच्या शरीरातून आला आहे. 2,4-डायनायट्रोफिनॉल हे द्रव्य पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यांत वापरले जाई आणि ते हाताळणाऱ्या कामगारांना ताप येई, घाम फुटे, वजन घटे. 1933 पासून अमेरिकेत ते वजन उतरवण्याचे औषध म्हणून खपू लागले. वजन उतरत असे. पण अनेकांना मोतीबिंदू झाला आणि काही जण अंगातल्या उष्णतेनेच मेले. 1938 मध्ये ते माणसाच्या वापराला घातक ठरवले गेले. हे द्रव्य करते एवढेच की प्रोटॉन उचलून पटलातून पलीकडे नेऊन सोडते. भिंतीला गळती लागते. अन्नाचे ऑक्सिडीकरण जोरात चालू राहते, ऑक्सिजन नेहमीपेक्षा जास्त खर्च होतो, फक्त त्यातून एटीपी मिळत नाही, सगळी उष्णता होते. असाच परिणाम करणारी, रचनेने एकमेकांशी कसलेही साम्य नसलेली इतर द्रव्येही आहेत. मेदात विरघळून प्रोटॉन वाहून नेणे एवढाच त्यांच्यातला समान गुण. 1962 मध्ये रोल्फ लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. ती सतत घामाने भिजलेली असे, खूप खाऊनही कृश राही आणि तिच्या चयापचयाचा वेग सामान्य माणसाच्या दुपटीहून अधिक होता, जरी तिची गलग्रंथी निरोगी होती. तिच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांत ऑक्सिडीकरण आणि एटीपी-निर्मिती यांची जोडणी ढिली पडली होती. निसर्ग अशी गळती मुद्दाम घडवतो तेही आपण जाणतो. नवजात बाळाच्या पाठीला आणि मानेला असलेल्या तपकिरी मेदात एक खास प्रथिन प्रोटॉनांना विकराबाहेरची वाट काढून देते आणि त्या उष्णतेवर बाळ ऊबदार राहते. या साऱ्यांना एकत्र ठेवून पाहा. शुद्ध ज्वलन म्हणजे हेच, आणि नुसत्या ज्वलनावर माणूस जगत नाही.

यावर एक आक्षेप असा येतो : लाव्हाझिएचा हिशेब जुळतोच आहे, मग मधली वाट कोणती यावर एवढा भर कशासाठी? वाट बदलली की हिशेबाचे स्वरूपच बदलते, म्हणून. अनेक पाठ्यपुस्तकांत एका ग्लुकोजपासून 38 एटीपी मिळतात असे छापलेले असते. हा आकडा मध्यस्थ रेणूच्या काळातल्या गृहीतकातून आला आहे. इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीमागे ठरलेले, पूर्णांकी एटीपी मिळणार, कारण रेणू अर्धा नसतो. उताराच्या व्यवस्थेत तसे बंधन नाही. वाहक रेणूंपैकी मुख्य वाहकाकडून आलेली इलेक्ट्रॉनांची जोडी साधारण 10 प्रोटॉन बाहेर टाकते. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत विकराच्या एका फेऱ्याला 8 प्रोटॉन लागतात आणि 3 एटीपी बनतात. शिवाय प्रत्येक एटीपीसाठी फॉस्फेट आत आणणे आणि तयार माल बाहेर पाठवणे यांत आणखी एक प्रोटॉन खर्ची पडतो. भागाकार केला की जोडीमागे सुमारे 2.7 एटीपी येतात आणि पूर्ण ग्लुकोजचा आकडा 32-33 च्या आसपास थांबतो. पटलाच्या नैसर्गिक गळतीमुळे प्रत्यक्षात तो याहूनही खाली येतो. अपूर्णांकात येणारे हे उत्तरच सांगते की दुवा रेणूंच्या जोडाजोडीचा नाही, सामायिक साठ्याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एटीपी पटलाशिवायही बनतो. ग्लुकोजच्या विघटनात एका रेणूमागे निव्वळ 2 एटीपी थेट पेशीद्रवात मिळतात. आपल्या तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसतात आणि त्या सुमारे 120 दिवस याच कमाईवर काढतात. यीस्ट आणि कित्येक जीवाणू किण्वनावर वाढतात. मग पटल अनिवार्य कसे? तांबडी पेशी विभाजन पावत नाही, स्वतःची प्रथिने नव्याने घडवत नाही. अस्थिमज्जेतल्या, तंतुकणिका असलेल्या पेशींनी तिला तयार करून पाठवलेले असते. किण्वनावर जगणारे जीवाणू तर माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतात. त्यांतले अनेक आपल्या तुटपुंज्या एटीपीतला काही भाग खर्च करून तेच विकर उलटे चालवतात, प्रोटॉन बाहेर ढकलतात आणि पटलावरचा उतार राखतात, कारण पोषकद्रव्ये आत ओढून घेण्यासारखी कामे त्या उताराच्या आधारे होतात. हृदयविकाराच्या झटक्यात याचे भीषण रूप दिसते. रक्तपुरवठा तुटला, ऑक्सिजन संपला की साखळी थांबते, उतार ढासळू लागतो आणि तंतुकणिका उरलेला एटीपी मोडून तो सावरू पाहतात. जी पेशीची कमावती बाजू, तीच खाऊ लागते. या उलट्या चालीला आवर घालणारे एक छोटे प्रथिनही पेशीत आहे. पण चलन खर्चूनही उतार वाचवण्याची ही धडपड दोहोंपैकी मूळ कोणते ते दाखवते.

तिसरा आक्षेप मिचेल यांच्यावरच आहे, आणि तो मान्य करायला हवा. विकर एटीपी कसा घडवते याविषयीचे त्यांचे चित्र चुकीचे ठरले. प्रोटॉन थेट रासायनिक क्रियेत भाग घेतात असे ते मानत. प्रत्यक्षात पॉल बॉयर म्हणत होते त्याप्रमाणे विकराचा मधला दांडा फिरतो आणि त्याच्या भोवतीच्या तीन जागा आळीपाळीने आकार बदलतात. जॉन वॉकर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये विकराची रचना प्रसिद्ध केली. 1997 मध्ये नोजी, योशिदा, किनोसिता आणि सहकाऱ्यांनी विकर काचेवर पक्के बसवून त्याच्या दांड्याला चमकणारा ॲक्टिनचा धागा जोडला आणि एटीपी देताच तो धागा सूक्ष्मदर्शकाखाली एकाच दिशेने गरागरा फिरताना दाखवला. पुढे 2004 मध्ये चुंबकाने दांडा उलटा फिरवून एटीपी घडवलाही गेला. तपशिलात मिचेल चुकले, तरी मुख्य प्रतिपादन याने अधिकच पक्के झाले. फिरणाऱ्या यंत्राला दोन बाजू लागतात आणि बाजू असण्यासाठी बंद भिंत लागते. ही व्यवस्था जीवाणू, हरितलवके आणि आपल्या तंतुकणिका, सर्वांत आढळते. तंतुकणिका स्वतः एका प्राचीन जीवाणूच्या वंशज आहेत, आणि तो जीवाणू हा उतार आपल्या पेशीपटलावर राखत असे.

श्रोतेहो, म्हणून माझा आग्रह असा आहे की श्वसन शिकवताना समीकरणावर थांबू नये. फळ्यावर एक बंद पटल काढावे, प्रोटॉन कुठे साठतात आणि कोणत्या वाटेने परततात ते दाखवावे आणि मग समीकरण लिहावे. नववी-दहावीच्या मुलांना हे जड जाईल असे कुणी म्हणेल; पण धरण समजणाऱ्या मुलाला हे समजते, आणि 38 हा आकडा पाठ करण्यापेक्षा ते सोपे आहे. ज्याला हे समजले त्याला ज्वारीची विषबाधा, हृदयविकार आणि बाळाची ऊब या गोष्टी एकाच सूत्रात दिसतात. डायनायट्रोफिनॉल आजही वजन उतरवण्याच्या नावाखाली चोरट्या मार्गाने विकले जाते आणि आजही त्याने माणसे मरतात. 'चरबी जाळतो' या जाहिरातीमागे पटलाला पाडलेले भोक आहे, हे ओळखायला एवढे ज्ञान पुरेसे आहे. जिवंत असणे म्हणजे या भिंतीच्या दोन बाजू सारख्या होऊ न देणे. त्यासाठी अन्न लागते, त्यासाठी श्वास लागतो, आणि हे ज्ञान प्रत्येक विद्यार्थ्याच्या हक्काचे आहे.